गल्फच्या भरती एजन्सीचा रिव्ह्यू : ९५ हजार दिले, पावती ३५,४०० ची

गल्फला माणसं पाठवणाऱ्या एका भरती एजन्सीची सर्व्हिस मी २०१८ साली घेतली होती, कतारला फुटबॉलच्या वर्ल्ड कपची कामं जोरात चालू होती तेव्हा. रिव्ह्यू आता लिहितोय कारण मागच्या रविवारी पुतण्या घरी आला आणि म्हणाला, आबा, सौदीला वर्ल्ड कप होणारे, सेंट्रिंगवाल्यांची भरती निघालीय, एजंट १ लाख ३० हजार मागतोय, देऊ का. तो २२ वर्षांचा आहे. मी गेलो तेव्हा २७ चा होतो आणि देऊ का असं विचारायला मला कोणी नव्हतं, म्हणून जे मला माहितीये ते सगळं इथं लिहून ठेवतो, त्याच्यासाठी पण आणि जळगाव धुळे नंदुरबारकडच्या ज्या पोरांना असे फोन येताहेत त्यांच्यासाठी पण.

रेटिंग पाचपैकी एक. तो एक स्टार विसा खरा निघाला आणि तिकीट खरं निघालं त्याचा, कारण कित्येकांचं तेवढंही खरं निघत नाही, पोरं मुंबईच्या एअरपोर्टवरून रडत परत येतात. एजन्सीचं नाव देत नाही. त्या जागेवर आता दुसरीच पाटी आहे असं ऐकलं, आणि माझं म्हणणं एका पाटीबद्दल नाहीच, ज्याला विचाराल त्याची गोष्ट हीच निघते.

मी अमळनेर तालुक्यातला, बोरी नदीकाठचा. घरी तीन एकर कोरडवाहू, कपाशी. दहावीला इंग्रजी राहिलं ते राहिलंच, मग सुरतला सेंट्रिंगच्या कामावर लागलो. आमच्याकडून भुसावळ सुरत लाइनवर बसलं की सकाळी सुरत, त्यामुळे अर्धं गाव तिकडेच शिकतं काय शिकायचं ते. सात वर्षं केलं. फळ्या, प्लाय, प्रॉप, कॉलमची पेटी, बीमचा तळ, मला डोळे झाकून येतं.

आपल्याकडे एजन्सी थेट भेटत नाही, मध्ये गावातला नाहीतर नात्यातला कोणीतरी असतो. माझ्या वेळी तो आईच्या माहेरकडचा लांबचा पाहुणा होता, ओट्यावर बसला, चहा घेतला, बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, खाल्ले आणि आईला म्हणाला, काय चिंता करू नको, सगळं व्हई जाई. पासपोर्ट त्याच्या हातात दिला. नंतर कळलं की असा मधला माणूस ठेवणंच १९८३ च्या उत्प्रवास कायद्यात बसत नाही, ज्याच्याकडे लायसन्स आहे त्यानेच भरती करायची आणि त्यानेच पैसे घ्यायचे. पण मला तेव्हा कायदा माहीत नव्हता, पाहुणा माहीत होता.

मुंबईला ट्रेड टेस्ट झाली. प्लाय कापून कॉलमची पेटी बनवून दाखवायची होती, गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसली पाहिजे, मी ती सगळ्यांच्या आधी बनवली आणि जो तपासायला आला होता त्याने पाठीवर हात ठेवला. हे मुद्दाम सांगतोय. मी कामात पास झालो होतो, मला माझ्या हाताने नोकरी मिळाली होती. तरी त्यानंतर मला आतल्या केबिनमध्ये बसवून त्या नोकरीची किंमत सांगण्यात आली, ९५ हजार.

आपल्या सरकारने एजंटची फी ठरवून दिलेली आहे, जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. त्याच्यावर एक रुपया घेता येत नाही, आणि जे घेईल त्याची पावती द्यायची. मला पावती मिळाली की. ३५,४०० ची, छापील, शिक्का, सही, एकदम स्वच्छ. उरलेले ५९,६०० मी पाचशेच्या नोटांत आणले होते, ते त्या माणसाने मोजले, खाकी पाकिटात घातले आणि ड्रॉवर पायाने लोटून बंद केला. मी विचारलं साहेब याची पावती, तर म्हणाला ही तिकडची फी आहे, कंपनीची, याची पावती नसते. ती ३५,४०० ची पावती मी लॅमिनेशन करून ठेवलीये. बरेच दिवस मला वाटायचं की तो माझा पुरावा आहे, तो माझा नाहीये, त्यांचा पुरावा आहे, की बघा आम्ही कायद्याप्रमाणेच घेतले.

९५ हजार कुठून आले ते पण लिहितो कारण खरा रिव्ह्यू तिथं आहे. २० हजार सुरतची शिल्लक. १५ हजार आईच्या पोतीवर, गहाण. आणि ६० हजार सावकाराकडून शेकडा तीनने, म्हणजे महिन्याला १,८०० नुसतं व्याज. मी विमानात बसलो त्या दिवसापासून ते मीटर चालू झालं, माझा पगार सुरू व्हायचा होता, व्याज सुरू झालेलं होतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांना, वीटभट्टीवर जाणाऱ्यांना उचल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दिवाळीआधी मुकादम घरी येऊन पैसे देतो आणि मग हंगामभर तुम्ही त्याचे, पाऊस असो, ताप असो, बायको बाळंतीण असो, उचल फिटेपर्यंत कोप, म्हणजे फडावरची झोपडी, सोडता येत नाही. गल्फची फी ही पण उचलच आहे, फक्त उलटी. तिकडे तो पैसे देऊन तुम्हाला बांधतो, इकडे तुम्ही स्वतः कर्ज काढून त्याला पैसे देता आणि बांधले जाता. कतारबद्दल जगभर कफालावर खूप लिहून आलं, म्हणजे तुमचा विसा मालकाच्या हातात, त्याच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची नाही, देश सोडायचा नाही, आणि ते सगळं खरं आहे, मी भोगलंय. पण देश सोडायला मालकाचा परवाना लागायचा तो नियम बहुतेक कामगारांसाठी मी गेलो त्याच सुमाराला, २०१८ च्या शेवटी, निघाला. दार उघडं होतं. माझ्या खोलीतले सात जण त्या दारातून बाहेर पडले नाहीत कारण सातही जणांच्या गावात कोणाचं ना कोणाचं तरी व्याज चालू होतं.

दोहाला उतरल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिसात नवीन कागद पुढे आला. मुंबईत सांगितलं होतं १,४०० रियाल, ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर दाखवलेल्या करारात पण १,४०० च होतं. इथं लिहिलेलं होतं ९०० आणि जेवणाचे २००. तेव्हा रियाल साधारण २० रुपयाला होता, म्हणजे २८ हजारांचे १८ हजार झाले एका रात्रीत. मी म्हटलं हा माझा करार नाही. तो म्हणाला मग परत जा, तिकीट तुझं. मी हिशोब केला, तिथंच, उभ्या उभ्या, ६० हजार, शेकडा तीन, पोत, आणि सही केली. माझ्यामागे रांगेत बिहारचा एक, तेलंगणातले दोन, राजस्थानचा एक, नेपाळचे चार, सगळ्यांनी सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी हात उगारला नाही, पेन पण नम्रपणे पुढे केला. पासपोर्ट मात्र ठेवून घेतले, सेफ्टीसाठी म्हणून, जे तिथल्या कायद्याने मालकाला ठेवता येत नाहीत.

एजन्सीला फोन लावला. पाहुण्याला फोन लावला. पाहुण्याने पहिल्यांदा उचलला, म्हणाला बोलतो, नंतर उचलला नाही. आफ्टर सेल सर्व्हिसचा रिव्ह्यू एवढाच.

काम दोहाशेजारच्या लुसैलला होतं, एका हॉटेलच्या इमारतीवर, खेळाडूंच्या पाहुण्यांसाठी म्हणे. नवव्या मजल्याचा स्लॅब ठोकत होतो तेव्हा तिथून लुसैल स्टेडियमचं लोखंड दिसायचं, मोठ्या टोपलीसारखं. ही गोष्ट कितीतरी जणांना माहीत नसते आणि मला फार महत्त्वाची वाटते. वर्ल्ड कप घेणाऱ्या कमिटीने स्टेडियमच्या कामगारांसाठी वेगळे नियम केले होते, खोलीत माणसं किती, जेवण कसं, तपासणी कशी, आणि २०१८ च्या सुमारास त्यांनी ठेकेदारांकडून एजंट फी परत करायला लावली, ती पण पावती न मागता. म्हणजे त्यांनाही माहीत होतं की पावती कोणाकडेच नसते. हजारो कामगारांना महिन्याच्या पगाराबरोबर थोडे थोडे करून ते पैसे मिळाले. कॅम्पमध्ये आमच्या मागच्या ब्लॉकला एक निजामाबादचा पोरगा स्टेडियमवर होता, त्याच्या स्लिपवर ती ओळ मी माझ्या डोळ्याने पाहिली. मी आमच्या टाइमकीपरला विचारलं आपल्याला कधी, तो म्हणाला आपली साइट त्यांच्यात नाही.

स्टेडियम आठ. पण त्या आठ स्टेडियमसाठी मेट्रो लागली, रस्ते लागले, हॉटेलं लागली, एअरपोर्ट वाढवला, अख्खं लुसैल शहर वाळूतून वर आलं, आणि ते करणारे लाखो परदेशी कामगार त्या चांगल्या नियमांच्या बाहेर होते. टीव्हीवर दिसतं ते स्टेडियम, तपासणी पण तिथंच झाली. चांगलं काम करता येतं, पैसे परत करता येतात, हे त्यांनी स्वतःच करून दाखवलं ना. मग रस्त्याच्या पलीकडे का नाही, एवढंच माझं विचारणं आहे.

उन्हाचं सांगतो. आपण जळगावकडचे लोक, मे महिन्यात ४५ डिग्री आपल्याला नवीन नाही, मी पण तसंच समजून गेलो होतो. तिथलं ऊन वेगळं, समुद्राची दमट हवा, घाम वाळतच नाही, डोक्यातून वाहून डोळ्यात जातो आणि हातोडी निसटते. २०१९ मध्ये नियम होता की १५ जून ते ३१ ऑगस्ट, साडेअकरा ते तीन काम बंद. पण सकाळी नऊलाच हाताला खिळा चटके द्यायचा. २०२१ मध्ये तो नियम वाढवला, १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन, आणि उष्णता दमटपणा मिळून ३२.१ च्या वर गेलं की केव्हाही काम थांबवायचं. चांगला नियम आहे, मला त्याचा फायदा झाला. वर्ल्ड कप २०१० च्या डिसेंबरमध्ये मिळाला होता, नियम २०२१ ला आला, मधले दहा उन्हाळे तसेच गेले.

आमच्या खोलीतला नेपाळचा एक, माझ्या खालच्या बंकवर, वयाने माझ्यापेक्षा लहान, २०१९ च्या ऑगस्टमध्ये झोपेत गेला. माझ्या आईने दिलेले बिबडे तो न भाजताच खायचा, मी म्हणायचो अरे भाजू दे, तो म्हणायचा भाई ऐसे ही अच्छा है. आदल्या संध्याकाळी पाय दुखतात म्हणाला, पोटऱ्यांत गोळे येतात, पाणी पीत राहिला. पहाटे साडेतीनला बसला जायची वेळ झाली तेव्हा उठला नाही. कागदावर आलं, हृदय बंद पडलं, नैसर्गिक कारण. पोस्टमॉर्टेम नाही. नैसर्गिक म्हटलं की ते कामावरचं मरण नाही आणि कामावरचं नाही तर कंपनीची भरपाई नाही. आम्ही खोलीखोलीतून दहा दहा वीस वीस रियाल जमा केले. त्याच्या भावाचा फोन माझ्या फोनवर आला, कारण माझा नंबर त्याने घरी दिलेला होता, आणि तो भाऊ रडता रडता दोनदा विचारत होता की एजंटचे जे उरलेत ते आता कोणी द्यायचे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. माणूस गेला तरी व्याज जात नाही हे मला आपल्या शेतकऱ्यांच्या घरांतून माहीत होतं, तिकडे परत बघितलं.

आकड्यांवरून खूप भांडण झालं. गार्डियन पेपरने २०२१ च्या फेब्रुवारीत छापलं की दहा वर्षांत भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका या पाच देशांचे ६,५०० पेक्षा जास्त कामगार कतारमध्ये मेले, त्यातले २,७११ आपले. हा आकडा सगळ्या कारणांच्या आणि सगळ्या कामांच्या मृत्यूंचा आहे, स्टेडियमवरच मेले असा त्याचा अर्थ नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तसं फिरवतात ते चूक आहे. कमिटी म्हणायची स्टेडियमवर कामामुळे फक्त ३. मग वर्ल्ड कप चालू असताना त्यांचाच प्रमुख हसन अल थवादी एका मुलाखतीत म्हणाला की वर्ल्ड कपशी संबंधित कामांवर ४०० ते ५०० च्या मध्ये. तीन पासून पाचशे. मला या भांडणात एवढंच कळतं की माझ्या खालच्या बंकवरचा कशातच मोजलेला नाही, कारण त्याच्या कागदावर नैसर्गिक लिहिलंय, आणि ज्याचं पोस्टमॉर्टेमच केलं नाही तो कोणत्या कारणाने गेला हे आता कोणीच सांगू शकत नाही.

आपल्या सरकारची एक विमा योजना आहे, प्रवासी भारतीय बीमा योजना, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख. ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर आहे, म्हणजे दहावी पास नसलेले माझ्यासारखे, त्यांना ती काढावीच लागते, त्याशिवाय बाहेर कामाला जायचा सरकारी क्लिअरन्स मिळत नाही. माझी पण काढलेली होती, मला ते चार वर्षांनी परत आल्यावर कळलं. ९५ हजार मोजून घेणाऱ्याने २७५ रुपयांचा तो कागद माझ्या हातात दिला नाही, घरी आईला पण सांगितलं नाही. मी तिकडे स्लॅबवरून पडलो असतो तर आईला १० लाखांचं माहीतच नसतं. सर्व्हिसमधली ही चूक मी सगळ्यात मोठी धरतो, पैशापेक्षा मोठी.

न्याय म्हणून हे पण लिहितो की कतारने बदल केले. बाहेरून दबाव आला, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत तक्रार झाली, मग २०१७ ला त्यांच्याबरोबर करार झाला, २०२० च्या ऑगस्टमध्ये नोकरी बदलायला मालकाची एनओसी लागणार नाही असा कायदा आला, आणि मार्च २०२१ पासून किमान पगार १,००० रियाल, राहायची सोय नसेल तर ५००, जेवण नसेल तर ३००. माझा पगार ९०० वरून १,००० झाला तो कोणा मालकाच्या मनात आलं म्हणून नाही, त्या कायद्याने. आणि मी कंपनी बदलली पण. जुन्या फोरमनने धमकी दिली, पळून गेला अशी केस टाकतो म्हणाला, पण तोपर्यंत माझं सावकाराचं फिटलं होतं, १४ महिने लागले फिटायला, दोन महिन्यांचा पगार सुरुवातीला दाबून ठेवला होता त्याने अजून लांबलं. फिटलेलं होतं म्हणून मी त्याच्या डोळ्यात बघून बोललो. माझ्याबरोबरच्या ज्यांचं फिटलं नव्हतं, त्यांना तोच कायदा लागू होता, त्यांनी कंपनी बदलली नाही. ओव्हरटाइमचे पैसे कमी आले तरी बोलले नाहीत. ही गोष्ट मी चार वर्षं रोज बघितली, कायदा सगळ्यांना सारखा मिळतो पण वापरता येतो तो कर्ज नसलेल्यालाच.

कोरोनाच्या वेळी मार्च २०२० ला आमचा इंडस्ट्रियल एरिया, आम्ही त्याला सनाया म्हणतो, त्याचा मोठा भाग सील केला, आत येणं नाही बाहेर जाणं नाही. त्यावर लिहायला बसलो तर वेगळंच लिहावं लागेल. आई रोज फोनवर एकच वाक्य म्हणायची, जीवले जपजो रे भाऊ. पगाराचं तिने तेव्हा पहिल्यांदा विचारलं नाही.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये, पाहुणे यायच्या आधी, आमच्यासारख्या पुष्कळांना घरी पाठवून दिलं. लांब सुट्टी म्हणाले. फायनल मी गावात बघितली, मारुतीच्या पारावर, मोबाइलवर, १८ डिसेंबरला, थंडी होती, शेकोटी केली होती पोरांनी. तीन तीन बरोबरी, मग पेनल्टी, अर्जेंटिना जिंकली आणि पोरं नाचायला लागली, मी पण नाचलो, खेळ खरंच फार भारी झाला होता आणि मेस्सी मला आवडतो. स्टेडियममध्ये ८८ हजारांवर माणसं. वरून कॅमेरा फिरला तेव्हा मी पुतण्याला ओरडून म्हणालो थांब थांब, ते मागे बघ, तिथं मी होतो. अर्ध्या सेकंदात गेलं ते. मला नंतर कोणीतरी सांगितलं की १८ डिसेंबर हा जगभर स्थलांतरितांचा दिवस म्हणून पाळतात. त्या रात्री तिथं कोणी त्याचं नाव घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही.

फिफाला, म्हणजे वर्ल्ड कप भरवणाऱ्या फुटबॉल संघटनेला, त्या चार वर्षांत साडेसात अब्ज डॉलरची कमाई झाली. बक्षिसांची रक्कम होती ४४ कोटी डॉलर, आणि अ‍ॅम्नेस्टी आणि इतर मानवाधिकार संघटना म्हणत होत्या की तेवढीच रक्कम कामगारांच्या भरपाईसाठी बाजूला काढा, ज्यांचे पगार बुडाले, ज्यांनी एजंटला पैसे भरले, ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांना द्या. मला ती मागणी फार सरळ वाटली होती. शेवटी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ५ कोटी डॉलरचा फंड जाहीर झाला आणि तो गेला मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कार्यक्रमांना. फिफाच्याच एका उपसमितीने सांगितलं होतं की हा फंड कामगारांसाठी वापरा, तरी. फिफाचं मानवाधिकारांचं धोरण २०१७ पासून लिहिलेलं आहे. माझी पावती पण लिहिलेली आहे.

परत आल्यावर तक्रार केली मी. परराष्ट्र खात्याचं मदद पोर्टल आहे, तिथं टाकली, पुतण्यानेच मोबाइलवर भरून दिली. त्यांनी एजन्सीकडे विचारणा केली, एजन्सीने ३५,४०० च्या पावतीची कॉपी पाठवली. बाकीच्याचा पुरावा द्या म्हणाले. खाकी पाकिटाचा पुरावा कुठून देऊ.

आता सौदीचं. ११ डिसेंबर २०२४ ला फिफाने २०३४ चा वर्ल्ड कप सौदीला दिला, दुसरा उमेदवारच नव्हता. ४८ टीम, १०४ मॅच, १५ स्टेडियम दाखवलीत, रियाध, जेद्दा, खोबर, अबहा आणि निओम, त्यातली बरीचशी अजून बांधायचीत, आणि निओमचं तर शहरच बांधायचंय. फिफाच्या तपासणी अहवालात मानवाधिकारांचा धोका मध्यम लिहिला आणि मार्क दिले ५०० पैकी ४१९.८. कतारला आठ स्टेडियमच्या मागे किती माणसं गेली ते मी बघितलंय, इथं जवळजवळ दुप्पट आहेत आणि देश कितीतरी मोठा. पुढची आठ वर्षं आपल्या गावांत पाहुणे येणार, ओट्यावर बसणार, बिबडे खाणार.

आणि हे फक्त लांबच्या देशांचं नाही. २०३० चे कॉमनवेल्थ गेम्स अहमदाबादला मिळालेत, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये शिक्कामोर्तब झालं. तिथली सेंट्रिंग कोण ठोकणार, आपलेच. धडगाव, अक्कलकुव्याकडची माणसं बायकापोरांसकट गुजरातला जातात, बांधकामाला, ऊसतोडीला, त्यांना ना पासपोर्ट लागतो ना विसा, त्यामुळे कोणत्या पोर्टलवर नाव पण नाही. नवापूर स्टेशनवरचं ते बाक सगळ्यांना माहितीये, अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत, लोक फोटो काढतात. मजुरासाठी त्या बाकाच्या अलीकडे बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी असते आणि पलीकडे सरकलं की इकडचं कार्ड तिकडे विचारात घेत नाहीत, मुकादम सांगेल तोच कायदा. २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थच्या वेळी हायकोर्टाने माजी राजदूत अरुंधती घोष यांची समिती बसवली होती, तिने सांगितलं की कामगारांना किमान वेतन सुद्धा नीट मिळत नाही, नोंदणी झालेली नाही, राहायची सोय वाईट आहे. तेव्हा स्पर्धेला सहाएक महिने उरले होते. आता चार वर्षं आहेत. अहमदाबादच्या साइटवर गेटवरच विचारलं पाहिजे की उचल कोणी दिली, किती दिली, आणि हा माणूस आज काम सोडून गेला तर त्याच्या घरी कोण जाईल. वर्षात ९० दिवस बांधकाम केलं की मंडळात नोंदणी होते, निघायच्या आधी ती करून घ्या रे बाबांनो, सर्टिफिकेटची झेरॉक्स घरी ठेवा, बाईच्या नावाची वेगळी नोंदणी करा, ती पण विटा वाहतेच ना.

पुतण्याला मी जाऊ नको म्हटलं नाही. मी म्हणू शकत नाही, घराच्या मागची खोली माझ्या कतारच्या पैशातून झालीये, आईची पोत पण सोडवली. काम वाईट नव्हतं, कामाचा मला अभिमान आहे, तो नववा मजला अजून उभा आहे. मी त्याला म्हटलं जा, पण उधारीवर जाऊ नको. भरतीचा खर्च माणूस बोलावणाऱ्याने करायचा असतो, कतारच्या कायद्यात तसं होतं, कामगाराकडून घ्यायला बंदी होती, स्टेडियमवाल्यांना तो परत पण मिळाला, म्हणजे ही काही अशक्य गोष्ट नाही. मग आम्ही दोघं अमळनेरला ऑनलाइन सेवावाल्याकडे जाऊन बसलो, ई-मायग्रेटवर त्या एजन्सीचं लायसन्स बघितलं, चालू आहे. पाहुण्याचं नाव कुठेच नाही, असणार पण नाही.

त्याला सांगितलं, फोनवर बोलू नको, लिहून विचार. त्याने माझ्यासमोर मेसेज टाइप केला. साहेब, १ लाख ३० हजारांची पावती किती रुपयांची मिळेल, करारात पगार किती लिहिलाय त्याची कॉपी आत्ता पाठवा, विम्याचा कागद आईच्या हातात देणार का, आणि पैसे बँकेतून घेणार ना. एजंटचा त्याआधी दिवसभर फोन येत होता, आज रात्रीपर्यंत सांगा, सीट जाईल, पारोळ्याची दोन पोरं तयार आहेत.

शनिवारी संध्याकाळी पाठवलाय. निळ्या टिका लगेच आल्या, आज मंगळवार, उत्तर नाही, फोन पण बंद झालाय यायचा. पारोळ्याच्या त्या दोघांना कोणी ओळखत असेल तर हे त्यांना दाखवा, पैसे द्यायच्या आधी.